आपोआप, बंद, हाताने

आमच्या घरी जनरेटर आला तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं, मास्तरणीला लॉटरी लागली. प्रताप नगरात तेव्हा जनरेटर म्हणजे लग्नाच्या मांडवामागे धडधडताना बघायची वस्तू. रंगीत टीव्ही नुकते कुठे येऊ लागले होते आणि ज्याच्याकडे तो असेल त्याच्या खिडकीशी गर्दी व्हायची. अशा दिवसांत आमच्या मागच्या पडवीत सिमेंटचा ओटा बांधला गेला, त्यावर चार बोल्ट रोवले गेले आणि हातगाडीवरून एक डिझेलचं यंत्र उतरलं. "कायले पाह्यजे वं तुमाले एवढं मोठं?" असं शेजारीण विचारायची आणि मी "हौस" म्हणून आत निघून जायची. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असे. शाळेत मी गणित शिकवत असे आणि माझा आवाज तीन वर्ग ओलांडून पलीकडे ऐकू जाई. याचा मला अभिमान होता.

कारण असं होतं की बाबांच्या गळ्याला भोक पाडलेलं होतं. चाळीस वर्षं तंबाखू खाल्ल्याचं ते फळ. गाठ काढण्याजोगी राहिली नाही, हे मोठ्या डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं. भोकात धातूची नळी बसवली होती आणि बाबा तिच्यातून श्वास घेत. आवाज गेला होता. नळीत कफ साचे, तो सक्शन मशीनने ओढून काढावा लागे. दिवसातून दहा वेळा, कधी वीस वेळा. आमच्याकडची कोरडी हवा म्हणजे कफ वाळून घट्ट व्हायचा, आणि वेळेवर ओढला नाही तर माणूस बसल्या जागी गुदमरायचा. मशीन चाले विजेवर.

बाबा पाटीवर लिहीत. बोलल्यासारखंच लिहीत, त्यामुळे त्यांचा आवाज गेला तरी बोली राहिली. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं ते हे: "मले घरी ने." मी म्हटलं, अजून आठ दिवस. त्यांनी ते पुसलं आणि लिहिलं, "मराचं त घरीच मराचं." शेजारच्या खाटेवरचा माणूस ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी गेला होता आणि त्याची माणसं भेटीची वेळ संपली म्हणून फाटकाबाहेर उभी होती. बाबांनी ते पाहिलं होतं.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. "तुमच्या भागात लाइट किती वेळ जाते?" मी काय सांगणार? पंधरा-वीस मैलांवर वीज तयार होते आणि आमच्याकडे मात्र दिव्याखाली अंधार. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा तरी जायची, आणि केव्हा येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसे. डॉक्टर म्हणाले, विजेची पक्की सोय करा, मग न्या. पायाने दाबायचा एक पंपही त्यांनी लिहून दिला. तो आम्ही आणला आणि सांभाळून ठेवला.

बाबा कापडाच्या मिलमध्ये इलेक्ट्रिक फोरमन होते. सोय कशी करायची हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक वायरमन होता, आता स्वतःचं दुकान चालवणारा. एका डेअरीवाल्याने काढून टाकलेला, सेल्फवर सुरू होणारा जनरेटरचा सेट त्याने शोधून आणला. तो बाबांच्या खाटेशी बसून म्हणाला, "काकाजी, साधा हाताचा चेंजओव्हर लावून देतो न. लाइन गेली का इंजन चालू कराचं, दांडी खाली पाडाची, झालं. हे ऑटोमॅटिक कायले पाह्यजे?"

बाबांनी लिहिलं, "पोरगी शाळेत राह्यते. घरी बायको एकटी. ते भेवाडी हाय. दांडी कोन पाडंल?"

आईने ते वाचलं आणि हसली. ती खरंच विजेला भ्यायची. मिलमध्ये माणसं चिकटल्याच्या गोष्टी नवऱ्याच्या तोंडून ऐकत तिची तीस वर्षं गेली होती. बल्ब बदलायचा तरी ती मला हाक मारी.

मग ही अदलाबदल आपोआप करणारी पेटी तयार झाली. नकाशा बाबांनी वहीच्या पानांवर काढला आणि वायरमनने तो पडवीतल्या भिंतीवर उतरवला. डॉक्टरांच्या परवानगीने बाबा दुपारी दोन तास रिक्षाने घरी येत, काम बघत आणि पुन्हा वॉर्डात परतत. आत दोन मोठे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेनेच ओढले जाणारे खटके, एक लाइनचा, एक इंजिनाचा. एक आत ओढला गेला की दुसऱ्याला जागचं हलता येऊ नये असा अडसर त्यांच्यामध्ये. हा अडसर बाबांनी चार वेळा तपासला. वायरमन कंटाळला तेव्हा त्यांनी पाटी त्याच्या तोंडासमोर धरली: "आपली वीज उलटी तारंत गेली त खांबावरचा मानूस मरंल. त्यालेबी लेकरं हायत." लाइट गेली की पेटीने पाच सेकंद थांबायचं, मग इंजिनाला सेल्फ द्यायचा, त्याला दम धरू द्यायचा आणि मग घराचा भार त्याच्यावर टाकायचा. लाइट परत आली की दोन मिनिटं तिची खातरी करून घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. कोणी हात लावायची गरज नाही. दारावर एक दांडी होती, तिला तीन जागा. बाबांनी स्वतः ब्रश घेऊन त्यांची नावं रंगवली: आपोआप, बंद, हाताने. अक्षर सरळ आलं.

अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरलं होतं. त्यात रोज पाणी घालायचं काम आईने मागून घेतलं. तुळशीला घातलं की उरलेला लोटा ती तिकडे रिकामा करी.

पहिल्या दिवशी बाबांनी स्वतः मेन फ्यूज ओढला. पंखा थांबला. आम्ही सगळे मनात आकडे मोजत होतो. इंजिनाने दोनदा आचका दिला, मग धरलं, सगळी पडवी हादरली आणि पेटीत खट्ट असा आवाज होऊन पंखा पुन्हा फिरू लागला. बाबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या गळ्यातून नुसती हवा येत होती, पण ते हसत होते. आठवड्यात आम्ही त्यांना कायमचं घरी आणलं.

उन्हाळा निभावला. लाइट जायची, पेटी आपलं काम करायची आणि आई सक्शनची नळी धरून बाबांच्या उशाशी बसलेली असायची. नळीचं काम ती माझ्यापेक्षा सफाईने करी. माझ्या हाताला घाई होती, तिच्या हाताला नव्हती. बाबा तिलाच खूण करत, मला नाही. मला थोडं वाईट वाटे.

श्रावणातली गोष्ट. सुटीचा दिवस होता, मी पेपर तपासत बसले होते आणि आई पडवी पुसत होती. पुसता पुसता तिने ओल्या फडक्याने पेटीवरून हात फिरवला आणि दांडी सरकून बंदवर गेली. मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. धावत जाऊन तिचा हात हिसडला. "तुले अक्कल हाय का नाही? मरशील एखाद्या दिवशी, अन् बाबालेबी मारशील! पुन्हा या पेटीले हात लावशील त याद राख!" असं म्हटलं, आणखीही पुष्कळ म्हटलं. अडाणी म्हटलं. कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालता घालता थांबली होती. तिने ऐकलं हे मला कळलं, आणि तिने ऐकलं म्हणून मी आणखी चढले. आत बाबा पाटीने खाटेची दांडी बडवत होते. मी आत गेले तेव्हा त्यांनी लिहून ठेवलं होतं, "झाकन बंद होतं. काई झालं नसतं." मी वाचलं आणि म्हटलं, "तुम्ही तिचीच बाजू घ्या."

आईने दुपारी माझ्या आवडीचं भरीत केलं. त्यानंतर ती पडवी झाडताना पेटीखालची हातभर जागा सोडून द्यायची. तो धुळीचा पट्टा मला रोज दिसे. मला वाटे, बरं झालं, धडा मिळाला.

मग नवरात्र आलं. बाबांची देवाधर्माशी फारशी सलगी नव्हती, पण खंडेनवमी ते सोडत नसत. मिलमध्ये त्या दिवशी सगळी यंत्रं थांबायची, पुसली जायची, त्यांना हळदकुंकू लागायचं, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत स्पॅनरलासुद्धा कोणी हात लावत नसे. वर्षभर राबलेल्या यंत्राला एका दिवसाचा विसावा. त्या दिवशी यंत्र चालवलं तर ते अंगावर येतं, असं जुने कामगार मानत, आणि बाबा त्या जुन्यांतले होते. नवमीला संध्याकाळी त्यांनी पक्कड, टेस्टर, सोल्डरिंग आयर्न पाटावर मांडली, इंजिनाला गंध लावलं आणि भिंत धरत जाऊन पेटीची दांडी स्वतः बंदवर केली.

मी म्हटलं, "बाबा, हे काय? अन् लाइट गेली त?"

त्यांनी लिहिलं, "दसऱ्याले कारखाने बंद. लोड नाही. लाइन जात नाही." फोरमनचा हिशेब होता, आणि तो बरोबरच होता. मी सक्शन मशीनकडे बोट दाखवलं, याला नाही का विसावा? तर लिहिलं, "ते यंत्र नोहे. ते माह्या आंगाचं हाय." आणि रात्र खरंच बिनघोर गेली.

सकाळी उत्तरपूजा व्हायची, अक्षता टाकायच्या आणि दांडी पुन्हा आपोआपवर करायची. पण आईने आणलेला झेंडू दाराच्या तोरणालाच संपला होता. बाबांनी खूण केली, यंत्राला फुलं पाहिजेत. मी म्हटलं, अक्षतांवर भागवा. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, बरं, निदान दांडी फिरवून जाते. त्यांनी पुन्हा मान हलवली, आधी फुलं. मला संताप आला. विज्ञानाचं यंत्र स्वतः बनवतो हा माणूस आणि फुलांसाठी अडून बसतो! "करा मग तुमच्या मनासारखं," असं म्हणून मी पिशवी उचलली आणि सायकल काढली. दांडीजवळून गेले. हात लांब केला असता तरी पुरलं असतं.

जवळच्या बाजारात फुलं उरली नव्हती म्हणून लांब बर्डीच्या बाजाराला गेले. येताना दीक्षाभूमीकडे निघालेल्या माणसांनी रस्ते भरले होते. पांढऱ्या साड्या, खांद्यावर लेकरं, डोक्यावर शिदोरीची गाठोडी. गावोगावहून आलेली ती माणसं आपल्या वर्षाच्या दिवशी आनंदात होती आणि मी त्यांच्यातून सायकल हातात धरून चालत होते. अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागला.

गल्लीच्या तोंडाशी मला इंजिनाचा आवाज आला. खरं सांगते, मला बरं वाटलं. लाइट गेलेली दिसते, पण आपली पेटी चालू आहे, असं मनात आलं. फाटक उघडताना आठवलं की दांडी बंदवर होती.

बाबा पडवीत जमिनीवर बसले होते, भिंतीला पाठ टेकून. ओठ जांभळे. बनियन घामाने भिजलेलं. सक्शनची नळी त्यांच्या स्वतःच्या हातात होती आणि ते स्वतःच ती आत घालत होते. मशीन ओढत आणलेलं. दांडी आपोआपवर. आई दोन हातांवर दूर उभी होती. दोन्ही हात तिने पदरात गुंडाळले होते, थंडी वाजल्यासारखे.

झालं होतं ते असं. मी गेल्यावर तासाभराने लाइट गेली. कारखान्यांमुळे नाही, गल्लीतल्या खांबावरचंच काहीतरी जळालं होतं. आणि तेवढ्यात बाबांच्या नळीत घट्ट कफ अडकला. आईने गळ्यातल्या नळीच्या आत बसणारी दुसरी नळी काढून धुतली, तरी अडकलेलं खाली होतं. तिने पायपंप काढला. जनरेटर आल्यापासून त्याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं, त्याचं रबर उन्हाळ्यात चिरलं होतं, आणि ती दाबत राहिली तरी तो नुसता फुसफुसत होता. मग ती पेटीसमोर जाऊन उभी राहिली. नुसती उभी राहिली. शेवटी बाबाच खाटेवरून उतरले, भिंत धरत, तोंड उघडं टाकून पडवीपर्यंत आले, तिला बाजूला सारलं आणि दांडी फिरवली.

"मले माहीत होतं वं," आई मला म्हणाली. "इकडून तिकडं फिरवाचं फकत. मी रोज पाहून राह्यली होती न. पण तू म्हणली होती हात लावू नको. मले भेव लागलं."

यावर मी काय करावं? मी पुन्हा ओरडले. "अन् बाबा मरून राह्यले होते त्याचं भेव नाही लागलं तुले? काहून नाही फिरवली?" फुलांची पिशवी मी जमिनीवर आपटली. बाबांनी पाटी उचलली आणि फरशीवर इतक्या जोराने मारली की तिचा कोपरा उडाला.

त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलं, "दवाखाना." मला वाटलं, तपासून यायचं म्हणतायत. त्यांनी खाली लिहिलं, "तिकडंच राह्यतो."

मी खूप समजावलं. त्यांचा पेटीवरचा विश्वास उडाला असं मी धरून चालले होते. दोन दिवसांनी त्यांना वॉर्डात पोहोचवलं, त्याच लांबलचक खोलीत, तशाच लोखंडी खाटेवर. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून पेटीत घंटा बसवून घेतली, दांडी बंदवर राहिली की वाजणारी. नवा पायपंप आणला. आईला पेटीसमोर उभं केलं आणि दहा वेळा दांडी फिरवायला लावली. ओरडले नाही. दात आवळून शिकवलं. तिने दहाही वेळा बरोबर फिरवली, आणि दर वेळी माझ्याकडे वळून बघितलं.

भेटीच्या वेळी मी हे सगळं बाबांना सांगितलं. घंटा, पंप, आई शिकली. आता घरी चला. मला त्यांना घरी न्यायचंच होतं. दुसरं काहीच मला तेव्हा नको होतं. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि कोपरा उडालेली पाटी मांडीवर घेतली. हळूहळू लिहीत होते, मध्ये थांबत होते.

"पेटी चांगली हाय. मी गुदमरून राह्यलो होतो, तरी माय तुलेच भ्याली. तिच्यासमोर माहा जीव गेला त तू तिले जगू देशील का? इथंच बरा."

मी ते वाचून पाटी पुसली. आई बाहेर बाकावर होती, ती आत येईल म्हणून पुसली. त्यांना मी काही कबूल केलं नाही, वचन दिलं नाही, माफीही मागितली नाही. बारा दिवसांनी, सकाळी, भेटीची वेळ सुरू व्हायच्या आधी ते गेले. आम्ही फाटकाबाहेर उभ्या होतो.

तेराव्यानंतरची एक दुपार. पाहुणे परतले होते. घरात आम्ही दोघीच होतो आणि लाइट गेली. पाच सेकंदांनी मागे इंजिन सुरू झालं, पडवी हादरली आणि रिकाम्या खाटेवरचा पंखा जोरात फिरू लागला. मी तशीच बसून राहिले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"कोनासाठी चालून राह्यलं ते?" ती म्हणाली. मग पडवीकडे बघून, "बंद करू का वं?"

"कर," मी म्हटलं. माझ्याकडे होता नव्हता तेवढा मऊपणा आणून म्हटलं. ती पडवीत गेली, पेटीपुढे उभी राहिली, हात वर नेला, आणि मी खरंच कर म्हणाले ना, हे बघायला तिने मागे वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान हलवली. तरी ती बघतच राहिली. मग लाइट आली, दोन मिनिटांनी इंजिन आपलं आपणच बंद पडलं, आणि आईने हात खाली घेतला.